भाभीच्या वाट्याचा इलाज

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहिणारा माणूस. व्यसनमुक्ती किंवा मानसोपचार हा काही माझा अभ्यासाचा विषय नाही. बी. ए. ला मानसशास्त्राचा एक पेपर होता, तेवढीच ओळख. पण हा विषय आमच्या घरात बरीच वर्षं मुक्कामाला होता आणि मी त्याची एकच बाजू पाहिली. दुसरी बाजू दिसायला फार उशीर लागला. आज तिच्याबद्दल बोलणार आहे.

माझा थोरला भाऊ दारू प्यायचा. मुसलमानाच्या घरात दारू म्हणजे दुहेरी चोरी. मोहल्ल्यापासूनही लपवायची आणि घरातल्या घरातही तिचं नाव घ्यायचं नाही. तीन वेळा त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तिसऱ्या वेळी गुण आला. तो घरी परतला त्या दिवशी अम्मीने मलिदा करून घरोघर वाटला. मी त्याच्यावर एक कविता लिहिली आणि कविसंमेलनात वाचली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या कवितेत भाऊ होता, अम्मी होती, बाटली होती. तिन्ही खेपांना डबा घेऊन केंद्राच्या बाहेर बाकावर बसलेली भाभी मात्र तिच्यात कुठेच नव्हती.

२०१५ सालची गोष्ट. एका संध्याकाळी भाभी चुलीपुढेच कोसळली. फिट आली होती. डॉक्टरांनी विचारलं, काही गोळ्या चालू आहेत का? आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, नाही. तेवढ्यात माझा पुतण्या घरी जाऊन तांदळाच्या डब्यातून एक पिशवी घेऊन आला. तिच्यात झोपेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. बारा वर्षांची सवय. भाऊ पिऊन आला, त्या एका रात्रीनंतर कुणा डॉक्टरने त्या लिहून दिल्या होत्या. त्या रात्री काय घडलं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि विचारलं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांची चिठ्ठी बारा वर्षं चालली. २०१४ पासून अशा गोळ्या विकताना दुकानदाराला चिठ्ठी पाहून वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. आमच्या दुकानदाराने एक दिवस हात वर केले, आणि भाभीची गोळी एकाएकी बंद झाली. सवय झालेल्या शरीराला ही गोळी अशी अचानक तोडणं धोक्याचं असतं, फिट येऊ शकते, हे आम्हाला त्या रात्री कळलं.

भावाला जिथे गुण आला तिथेच तिला न्यावं, असं मला वाटलं. तिचं पहिलं वाक्य होतं, ''अरे, मी गेले तर भाकऱ्या कोण थापणार?'' भावाला नेताना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो गेला तेव्हा घर चालूच होतं, कारण घर ती चालवत होती. बरं, त्या केंद्रात बायकांना ठेवायची सोयच नव्हती. दुसरीकडे कळलं की बायकांनाही घेतात. तिथल्या बैठकीला तिला बसवलं. वीस-बावीस पुरुष आणि ही एकटी. तासभर ती एक शब्द बोलली नाही. परतताना एसटीत म्हणाली, ''निम्मे जण तुझ्या भावासारखेच हातवारे करत होते रे. त्यांच्यापुढे मी काय सांगू?''

श्रोतेहो, त्या एसटीतल्या वाक्याने मला वाचायला लावलं. जगभर पसरलेली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत दोन पुरुषांनी सुरू केली. तिची पहिली पायरी अशी की, दारूपुढे आपलं काही चालत नाही, हे आधी कबूल करायचं. माझ्या भावाला हे औषध बरोबर लागू पडलं. 'मी कधीही सोडू शकतो' हा त्याचा ताठा मोडल्याशिवाय पुढची वाटच नव्हती. पण जिचं घरात कधी काही चाललंच नाही, तिने पुन्हा 'माझं काही चालत नाही' असंच म्हणायचं? नेमकी हीच अडचण जीन कर्कपॅट्रिक या अमेरिकन बाईंना जाणवली. त्या स्वतः दारूच्या व्यसनातून गेलेल्या. १९७५ च्या सुमारास त्यांनी 'विमेन फॉर सोब्रायटी' ही केवळ स्त्रियांच्या गटांची संघटना काढली. भर कशावर? तर 'मी काही कामाची आहे, माझं आयुष्य माझ्या हातात आहे' हे बाईला पुन्हा वाटू लागण्यावर. अॅनॉनिमसच्या वाटेने असंख्य बायकाही सावरल्या आहेत, ते नाकारायचं कारण नाही. पण एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही.

शरीराचाही फरक आहे. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं. त्यामुळे तेवढीच दारू तिच्या रक्तात अधिक चढते. पहिल्या घोटापासून व्यसनापर्यंतचं अंतर अनेक स्त्रिया पुरुषांपेक्षा लवकर कापतात, असं डॉक्टर सांगतात.

त्याहून मोठा फरक जखमेचा. 'आधी व्यसन सोडा, मग तुमच्या दुःखाचं बघू' असा पुष्कळ ठिकाणचा क्रम. पण मारहाणीनंतर, अत्याचारानंतर जिला गोळीनेच झोप लागते, तिची गोळी काढली की त्या रात्री परत येतात. मग गोळी आणि रात्र, दोन्हींचा इलाज बरोबरीने करावा लागतो. ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ साली 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या पुस्तकात मांडलं की, अशा जखमेच्या इलाजाची पहिली पायरी म्हणजे सुरक्षितता. आधी बाईला निर्धास्त वाटलं पाहिजे. पुरुषांनी भरलेल्या खोलीत, किंवा मारणारा नवरा शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना, ते कसं वाटणार?

आता कुणी म्हणेल, बायकांमध्ये व्यसन असतंच किती? केंद्र सरकारचा २०१९ चा देशव्यापी अहवाल आहे. त्यात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के, तर स्त्रिया १.६ टक्के निघाल्या. हा आकडा पाहिला की बायकांचा वेगळा विभाग यादीत शेवटी जातो. पण २०१६-१७ च्या तंबाखूविषयीच्या पाहणीत १४.२ टक्के स्त्रिया तंबाखूचं सेवन करताना आढळल्या. आमच्या अम्मीचा दिवस मिश्रीशिवाय उजाडायचा नाही. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो वास म्हणजे माझं बालपण. तिला 'व्यसनी' म्हणायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. बाईचं व्यसन असं स्वयंपाकघरात, डब्यात, ट्रंकेत राहतं. ते गुत्त्यावर दिसत नाही, म्हणून ते नाहीच असं आपण धरून चालतो.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. १९८६ साली डॉ. अनिता, म्हणजेच सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. व्यसनी माणसाच्या बायकोलाही आधार लागतो, हे ओळखून तिथे 'सहचरी' गट चालू झाला. आणि पुढे खास स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग उघडला. कायदाही सुधारला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की, उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तिचं तीन वर्षांच्या आतलं मूल सहसा तोडू नये. मासिक पाळीतल्या गरजेच्या वस्तू तिला मिळाल्या पाहिजेत. कुणाचेही केस जबरदस्तीने भादरू नयेत. कायद्यात हे लिहावं लागलं, यावरूनच आधी काय चालत असेल ते समजा.

पुरुषाचा इलाज सोपा असतो, असं मात्र मला म्हणायचं नाही. माझा भाऊ केंद्रातल्या बैठकीत आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत रडला. घरी आम्ही त्याला रडू दिलं नसतं. त्यालाही त्याच्यासारख्यांचीच खोली लागली. भाभीला तिच्यासारखींची हवी होती, एवढंच.

ती तिला शेवटी सिव्हिल हॉस्पिटलात मिळाली. तिथल्या डॉक्टरांनी गोळी एकदम न तोडता हळूहळू कमी करत नेली. आणि एक समुपदेशक बाई भेटल्या. त्यांनी पहिल्या दिवशी 'काय घेता, किती घेता' असं काही विचारलं नाही. विचारलं, ''तुम्हाला झोप लागते का?'' आणि भाभी दीड तास बोलली. आमच्याकडे बाजार मंगळवारचा. बाईंनी तिची वेळ मंगळवारचीच ठेवली, म्हणजे 'बाजाराला जाते' म्हणून तिला घरातून निघता यावं. पुढे ते बहाणेही लागेनासे झाले. मंगळवारी भाऊ स्वतः खिचडी लावू लागला. पहिल्या दोन-तीन खिचड्या आम्ही मुकाट्याने खाल्ल्या. दीड वर्षाने तिची शेवटची पाव गोळी सुटली. त्या दिवशी मलिदा कुणी वाटला नाही. वाटायला हवा होता.

श्रोतेहो, मदत मागायला आज फोनही आहेत. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. नंबर लिहून ठेवा, आणि तो घरातल्या बाईच्या हाती पडेल अशा ठिकाणी ठेवा. कुणी झोपेच्या गोळ्या घेत असेल, तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका.

आणि घरातल्या पुरुषाला केव्हा इलाजाला न्यायची वेळ आली, तर बरोबर आलेली, बाहेर बाकावर डबा घेऊन बसलेली बाई असेल. तिच्याजवळ दोन मिनिटं बसा आणि तिला एकदा विचारा, तुम्हाला झोप लागते का?