हळद आणि हळदीचा अर्क

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

हळदीची ओळख आपल्या समाजाला करून देण्याची आवश्यकता नाही. तिच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुन्या ग्रंथांतील पुरावे सादर केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. हा विजय अभिमानास्पदच आहे. मात्र आज हीच हळद पेये, पौष्टिक पदार्थ आणि कॅप्सूल यांतून अर्करूपाने घरोघरी पोहोचत आहे. या अर्काच्या सुरक्षिततेसाठी परंपरेचा दाखला पुरेसा नाही, हे आज आम्हांस नम्रपणे सांगावयाचे आहे.

अर्क कसा तयार होतो, हे प्रथम पाहू. शेतातून काढलेली हळद शिजवून, वाळवून तिचे हळकुंड होते. ते दळून त्या पुडीतून अ‍ॅसिटोन, इथाइल अ‍ॅसिटेट किंवा अल्कोहोल यांसारख्या द्रावकाच्या साहाय्याने औषधी अंश काढला जातो. द्रावक उडवून लावल्यावर घट्ट राळयुक्त अर्क उरतो. त्याचे शुद्धीकरण व स्फटिकीकरण केले की कर्क्युमिन व त्याच्या सहघटकांचे प्रमाण सुमारे ९५ टक्के असलेली पूड मिळते. द्रावकाचा अंश मर्यादेपलीकडे उरलेला नाही, याची तपासणी अनिवार्य ठरते.

स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन साधारणतः ३ टक्के असते. म्हणजे अशा अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये सुमारे १५ ग्रॅम हळदीइतके कर्क्युमिन सामावते. एवढी हळद कोणतीही गृहिणी एका माणसाच्या जेवणात घालीत नाही.

दुसरी गोष्ट शोषणाची. कर्क्युमिन एकटे घेतल्यास रक्तात फारच थोडे उतरते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की, २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातील पायपरिन हा घटक २० मिलिग्रॅम दिल्यास मानवी शरीरातील त्याची उपलब्धता अनेक पटींनी वाढते. म्हणून अनेक उत्पादनांत पायपरिन मिसळले जाते. परंतु हाच घटक फेनिटॉइनसारख्या फिटच्या औषधाचेही रक्तातील प्रमाण वाढवू शकतो.

तिसरी गोष्ट यकृताची. इटलीमध्ये २०१९ साली हळदीची पूरके घेणाऱ्यांत यकृतदाहाचे रुग्ण आढळले. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा दहा रुग्णांची नोंद आहे. त्यांपैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण आढळली आणि एका रुग्णाचा मृत्यू झाला. अशा घटना विरळ आहेत, तरीही त्या दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत.

यावरून अर्क त्याज्य आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मोजून घेता येणारी मात्रा आणि तपासता येणारी शुद्धता हे अर्काचे खरे गुण आहेत. मात्र ज्यात औषधाइतके सामर्थ्य आहे, त्याला औषधाइतकीच शिस्त हवी.

अडचण अशी की, ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारल्यावर रुग्ण अर्काचे नाव घेत नाहीत. ती तर घरचीच हळद, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे की, तपासणीस येताना अशी प्रत्येक बाटली व डबा सोबत आणावा. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, पित्ताशयात खडे असलेले, यकृताचे रुग्ण आणि गर्भवती भगिनी यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून अर्क घेऊ नये. अर्क सुरू केल्यावर डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर तो तत्काळ थांबवून रुग्णालयात यावे.

घरच्या जेवणातील हळद निःशंकपणे चालू ठेवावी.