काच माझ्या घरची
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



‘देशभक्ती आणि गृहिणी’ या विषयावर चार शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही. पण गेल्या वर्षी माझ्या हातून जे घडले ते सांगितल्यावाचून चैन पडेना, म्हणून आज उभी राहिले आहे.

१४ ऑगस्टच्या रात्री भांडी विसळताना काचेचा एक ग्लास माझ्या हातून फुटला. तुकडे गोळा केले, भाजीच्या देठांबरोबर पिशवीत टाकले, गाठ मारली आणि सकाळी पिशवी दाराबाहेर ठेवून झेंडावंदनाला गेले. राष्ट्रगीत म्हणताना नेहमीप्रमाणे अंगावर काटा आला. परत येऊन पाहते तो आळीत बायका जमलेल्या. कचरा नेणाऱ्या मावशी पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या तळहातातून रक्त वाहत होते. पिशवी सोडून ओले-सुके वेगळे करताना काच लागली होती.

“कुणाच्या घरची ग ही काच?” शेजारणी एकमेकींना विचारू लागल्या. भगिनींनो, मी पाणी आणले, हात धुतला, स्वच्छ फडके बांधले. पण ‘माझ्या घरची’ हे दोन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत.

पुढे आठ दिवस मावशी आल्या नाहीत. हाताला टाके पडले होते. त्यांच्याऐवजी त्यांची मुलगी गाडी ढकलत येई, माझ्या धाकटीच्याच वयाची. मी विचारले, “शाळा नाही का ग?” म्हणाली, “आई बरी होईपर्यंत नाही, काकू.”

त्याच संध्याकाळी माझी मुलगी नागरिकशास्त्राचा धडा मोठ्याने वाचीत होती. १९७६ साली आपल्या संविधानात नागरिकांची दहा मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली. २००२ साली त्यांत अकराव्याची भर पडली. सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या मुलांना आईबापांनी शिक्षणाची संधी द्यावी, असे ते कर्तव्य आहे. ऐकता ऐकता माझा लाटणे धरलेला हात थांबला. मावशी आपले कर्तव्य करीतच होत्या. त्यांच्या मुलीची शाळा बुडवली ती मी.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि खरे ते सांगितले. औषधपाण्याचे आणि बुडालेल्या रोजाचे पैसे पुढे केले. मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “पैसे घेते, वहिनी. पण काच तेवढी कागदात बांधून निराळी देत जा. सगळ्यांनाच सांगा.” ते सांगणे आज पुरे करीत आहे.

घरी आल्यावर सासूबाईंना हे सांगितले. त्यांनी आपल्या लहानपणची गोष्ट काढली. १९६५ साली युद्ध झाले, देशात धान्याची टंचाई होती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एका वेळचे जेवण सोडावे असे आवाहन केले. सासूबाईंच्या माहेरी सोमवारी संध्याकाळी चूल पेटत नसे. “कोणी बघायला येत होते का? पण आई करीत नसे हो स्वयंपाक,” असे त्या म्हणाल्या. कोणी पाहत नसताना केलेले ते काम मला फार मोठे वाटते.

आपले गाडगेबाबा १९५६ साली गेले. ते गावात आले की आधी खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. आम्ही मात्र झेंड्याला वंदन करतो आणि खराटा दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळ्या होतो.

घरातच कचरा वेगळा करावा असे २०१६ सालच्या सरकारी नियमांतही सांगितले होते. नियम होता, मीच मनावर घेतला नाही. आता आमच्या घरी दोन डबे आहेत. एकात देठे, साली, उष्टे-खरकटे. दुसऱ्यात कागद, पुठ्ठा, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. फुटकी काच आणि दाढीचे पाते जाड कागदात बांधून वर ‘काच’ किंवा ‘पाते’ असे लिहिते. पाळीच्या वेळचे पॅडही कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करते. यात लाजण्यासारखे काही नाही. उघड्या हाताने ते उचलणारीही एक बाईच असते. या सगळ्याला दिवसाची पाच मिनिटेही लागत नाहीत.

“तू एकटीने करून काय होणार?” असे घरात आणि शेजारीही ऐकून घेतले. मला एवढेच ठाऊक आहे की एका घरच्या काचेने एक हात कापला होता आणि एका मुलीची शाळा बुडाली होती.

म्हणून मंडळाला माझी एक विनंती आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या वस्तूंचे वाण न लुटता घरच्या जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवून वाटाव्यात. आणि त्या दिवशी कचरा नेणाऱ्या मावशींना आपण मानाने बोलवावे, इतर सुवासिनींच्या पंक्तीत बसवावे. त्यांचे यजमान हयात आहेत की नाहीत, हे कोणी विचारू नये.

मावशींचा हात आता बरा आहे. मुलगी पुन्हा शाळेत जाते. तळहातावरचा व्रण मात्र राहिला आहे. पिशवी देताना तो मला रोज दिसतो, आणि दिसावा हेच बरे.