‘चाचा, मी सेव्ह केलं होतं’

आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाची एक अभ्यासिका आहे. 2008 साली तिथे चार संगणक आले. एका कार्यालयानं वापरून सोडलेले, पण चालू. ते सांभाळायचं काम समितीनं माझ्याकडे दिलं. एक तर मला मराठी टाइप करता येत होतं, आणि दुसरं म्हणजे कवी हा रिकामा माणूस असतो, असा आमच्याकडे सर्वमान्य समज आहे.

सगळी मुलं एकाच नावानं बसत. नाव ‘स्टुडंट’, पासवर्ड नाही, आणि त्या नावाला मालकाचे सगळे अधिकार. कुणीतरी गंमत म्हणून पासवर्ड घातला, तर तीन दिवस यंत्राला कुलूप. पेन ड्राइव्ह खोचला की त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा तो काळ, त्यामुळे व्हायरस तर पाहुण्यासारखे मुक्कामालाच. एका मुलीचं ई-मेल उघडं राहिलं. पुढच्या मुलानं ते वाचलं आणि चारचौघांत बोलून दाखवलं. वडिलांनी तिचं अभ्यासिकेत येणंच बंद केलं. समितीत सूर निघाला, संगणकच बंद करा.

मी म्हणालो, बंद नको, बंधन घालू. विंडोज एक्सपीमध्ये खाती मुख्यतः दोन तऱ्हेची असत, प्रशासकाचं आणि मर्यादित. वाड्यातल्या भाडेकरूसारखं समजा. आपल्या खोलीत तो खिळा ठोकील, चित्र लावील. पण त्याला भिंत पाडता येत नाही, शेजाऱ्याची खोली उघडता येत नाही. व्हायरस आला तरी ज्याच्या नावानं आला त्याच्याइतकाच त्याचा अधिकार. भाडेकरूच्या मागून घुसलेला चोर भाडेकरूच्याच खोलीत अडकतो. बहुधा अडकतो, म्हणू या. शहाणे चोर सगळीकडे असतात.

इथवर ठीक होतं. पण कुलपं लावायला लागलं की माणसाला त्याची चटक लागते. मी कंट्रोल पॅनेल लपवलं, माउसचं उजवं बटण बंद केलं, पेन ड्राइव्ह बंद केला. शाळा-ग्रंथालयांतल्या सामाईक संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टनं 2007 साली ‘स्टेडीस्टेट’ नावाची मोफत सोय काढली होती. 2010 अखेर ती मागे घेतली. तिच्यात असं ठरवता येई की यंत्र पुन्हा सुरू झालं की मधल्या काळातले सगळे बदल पुसले जातील. त्या प्रकारची एक सोय मीही बसवली. रोज सकाळी यंत्र कोरं. समितीनं माझं कौतुक केलं.

आठवड्याभरात बारावी झालेली एक मुलगी आली. म्हणाली, “चाचा, मराठी टाइप होत नाही.” कसं होणार? एक्सपीमध्ये देवनागरी चालू करायला प्रशासकाचा अधिकार लागे, आणि बहुतेक वेळा विंडोजची सीडीही. त्यासाठी एका चौकटीत एकच खूण करायची असे. गंमत अशी की त्याच एका खुणेनं देवनागरी येई आणि उजवीकडून लिहायची उर्दूही. माझ्या दोन्ही भाषा एका टिचकीत! आणि मीच ती चौकट लपवून बसलो होतो. मराठीत लिहिणारा मी, मुलांना मात्र इंग्रजीतच लिहायला भाग पाडत होतो.

ते दुरुस्त केलं. ती बसली. निबंध स्पर्धेसाठी दुपारभर सहा पानं टाइप केली. चार वाजता लोडशेडिंग. वीज आली, यंत्र सुरू झालं, आणि पडदा कोरा. “चाचा, मी सेव्ह केलं होतं. दोनदा.” तिनं केलं होतं. पुसलं मी होतं. यंत्र पुन्हा सुरू झालं की काही राहत नाही, अशी सूचना मी भिंतीवर चिकटवली होती. इंग्रजीत, बारीक अक्षरांत. ती रडली नाही, भांडलीही नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली आणि संगणकाकडे पाठ करून हातानं लिहीत बसली. वहीतली एक कविता हरवली तर महिनाभर हळहळणारा माणूस मी. तिला काय सांगणार?

त्यानंतर प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं खातं दिलं. मर्यादितच, पण स्वतःचं. विंडोज ज्या भागात आहे तेवढाच भाग रोज कोरा होईल, मुलांच्या फायली डिस्कच्या दुसऱ्या भागात टिकतील, अशी व्यवस्था केली. मराठी, उर्दू आधी चालू केली, मग कुलूप. वेगळ्या खात्याचा मोठा फायदा म्हणजे एकाचं ई-मेल, एकाचे साठवलेले पासवर्ड दुसऱ्याच्या हाती पडत नाहीत. प्रशासकाची किल्ली दोघांकडे, आणि रोजच्या कामाला मीसुद्धा मर्यादित खात्यातच बसू लागलो. हे मात्र समितीतल्या काहींना रुचलं नाही. आम्हाला कशाला बंधन, असं त्यांचं म्हणणं.

एक मुलगा प्रोग्रॅमिंगच्या मागे लागला होता. त्याला रोज काही ना काही बसवून पाहायचं असे आणि खातं नाही म्हणे. शेवटी सगळ्यांत जुनं यंत्र जाळ्यातून सोडवून त्याच्या हवाली केलं. त्यानं ते तीनदा मोडलं आणि तिन्ही वेळा स्वतःच उभं केलं.

आता ती यंत्रं भंगारात गेली. विंडोज 10 ची नेहमीची मोफत देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. आमची आताची यंत्रं 11 ला चालत नाहीत, म्हणून लिनक्स घातलं. तिथेही तीच रीत, साधं खातं सगळ्यांना, किल्ली वेगळी. एका यंत्रावर अनेकांनी काम करायचं ही युनिक्सची 1970 च्या दशकातली जुनीच व्यवस्था आहे. मुलांचं लिखाण हल्ली इंटरनेटवरच साठतं. त्यामुळे उठताना जीमेलमधून बाहेर पडायला विसरणं हा नवा घोर. पाच मिनिटं हालचाल नसली की पडदा आपोआप बंद होतो, एवढी तजवीज केली आहे.

परवा शेजारच्या गावच्या शाळेतून एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, “काय काय बंद करू?” म्हटलं, आधी विद्यार्थ्याच्या नावानं आत जा. स्वतःचं नाव मराठीत टाइप करा, सेव्ह करा, आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा. फाइल सापडली की मला फोन करा, मग पुढचं बोलू.