माळ्यावरची पोती



घरगुती आयुष्य आणि समाजबदल या विषयावरची परिषद पुण्याच्या पेठांमध्ये न भरवता खराडीत का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं उत्तर आमच्याच घरात आहे. 1997 साली गाव महापालिकेत गेलं, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. आमचं जुनं घर पाडताना माळ्यावरची दोन पोती कागद मी रद्दीत दिले. त्यात आजीच्या लग्नखर्चाची मोडी वही होती, हे थोरल्या काकूंनी नंतर सांगितलं. देव्हाऱ्याच्या फळीखाली घातलेलं त्या वहीचं एकच पान उरलंय. खण, खोबरं, गूळ, वाजंत्री. वाजंत्रीपुढचा आकडा वाळवीनं खाल्लाय. ती सल अजून जात नाही, म्हणून ही परिषद इथे.

कायदे आणि सभांचा इतिहास आपल्याला पाठ असतो. पण अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात आलेल्या रमाबाई शिकू लागल्यावर घरातल्याच बायकांनी त्यांना कसं छळलं, हे रमाबाईंनी स्वतः लिहिलं म्हणून समजलं. पुण्याच्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये 1890 साली घेतलेल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उठलं. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, पण श्राद्धाला ब्राह्मण मिळेल का, लेक माहेरी येईल का, ही काळजी स्वयंपाकघरात होती. 1893 साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं आणि त्यांच्या मुरुड गावानं त्यांना वाळीत टाकलं. त्याच गोदूबाईंनी, म्हणजे बाया कर्व्यांनी, पुढे आपली हकिकत ‘माझे पुराण’मध्ये सांगितली.

जिथे कुणी स्वतः लिहिलं नाही, तिथे नोंदी कामी येतात. स्कॉटलंडमध्ये गावोगावच्या चर्चसभा सोळाव्या शतकापासून लोकांच्या लग्नांच्या, भांडणांच्या नोंदी ठेवू लागल्या. आपल्याकडे पेशवे दफ्तर आहे, गोतसभांचे महजर, म्हणजे निवाडे, आहेत. मात्र कुणब्याच्या घरातली बाई त्यांत क्वचितच बोलते. ती बोलली जात्यावर. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून लाखावर ओव्या जमवल्या, म्हणून ते बोलणं टिकलं. माझ्या मते या परिषदेचा खरा पाया त्या ओव्याच आहेत.

आपणा सर्वांचं मनापासून स्वागत करतो. खराडीकरांना एक विनंती: मांडवाच्या दाराशी टेबल मांडलंय. घरातली वही, पत्र, लग्नपत्रिका, काय असेल ते उद्या घेऊन या. तिथली मुलं फोटो काढून मूळ कागद लगेच तुमच्या हाती देतील. आमचं ते एक पान मी सकाळीच तिथे ठेवलंय.