विमानाचा आवाज आणि दहावीचे गणित



"या गणिताचा पुढे उपयोग काय?" असे मुले विचारतात. अवघड जाते म्हणून पालकही त्यांना गणित सोडू देतात. मुलीच्या बाबतीत तर जरा लवकरच. याचे उत्तर मी प्रोपेलरच्या विमानाच्या आवाजावरून देणार आहे.

हा आवाज केवळ इंजिनाचा नसतो. फिरते पाते हवा बाजूला सारते व मागे लोटते. त्यामुळे हवेचा दाब सतत बदलतो आणि तोच आपल्या कानी पडतो. समजा, दोन मीटर व्यासाचा, दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला २७०० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ४५. पाती दोन, म्हणून मुख्य स्वराची कंपने सेकंदाला ९०. पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २८३ मीटर वेगाने फिरते. विमान त्याच वेळी ६० मीटर पुढे जाते. हे दोन वेग परस्परांशी काटकोनात आहेत. पायथागोरसचे प्रमेय लावा, टोकाचा एकूण वेग सुमारे २८९ येतो. ध्वनीचा वेग सुमारे ३४०. टोक त्याच्या जवळ जाऊ लागले की आवाज झपाट्याने वाढतो. अमेरिकेत १९५५ साली उडालेल्या एक्सएफ-८४एच विमानाच्या पात्यांची टोके ध्वनीहून वेगाने फिरत. त्या आवाजाने जमिनीवरील कर्मचाऱ्यांना मळमळू लागे.

असा आवाज विमान बांधण्यापूर्वीच कागदावर काढता येतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ गुटिन यांनी १९३६ साली त्याची रीत मांडली. १९६९ साली फोक्स विल्यम्स व हॉकिंग्ज यांनी अधिक व्यापक समीकरण दिले. इराणमध्ये जन्मलेले फेरी फरासत यांनी अमेरिकेच्या नासा संस्थेत त्याला संगणकावर सोडवता येईल असे रूप दिले.

उपायही गणितातूनच निघतात. फेरे कमी करावेत, पाती वाढवून गेलेला जोर भरून काढावा, टोके पातळ व मागे वळलेली ठेवावीत. मात्र पाती वाढली की वजन आणि खर्चही वाढतो. कोठे थांबायचे, हे हिशेबच सांगतो.

विद्यार्थ्यांनो, आज घरी २१०० फेरे धरून हेच उदाहरण सोडवा. टोकाचा एकूण वेग सुमारे २२८ आला पाहिजे. आणि पालकहो, मुलगा असो वा मुलगी, तेवढा वेळ शेजारी बसा. आपल्याला ते गणित येत नसले तरी चालेल. आपण बसलो आहोत, एवढे मुलाला पुरते.