आपल्या माघारी आपलं कुणाचं?

(एकट्या राहणाऱ्या स्त्रियांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मृत्युपत्र हा शब्दच आपल्याला अभद्र वाटतो. 'इच्छापत्र' म्हटलं तरी घरातलं कुणीतरी "कशाला असलं बोलतेस?" म्हणतंच. आणि आपलंही उत्तर ठरलेलं: माझ्यापाशी आहे काय, नि देऊ कुणाला! पण नीट विचारत गेलं की एकेक निघतं. एका खोलीचं घर, पोस्टातली आर.डी., भविष्यनिर्वाह निधी, दोन पाटल्या, शिलाई मशीन. महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून काही घरांवर बाईचं नाव लागू लागलंय. सवलतीपुरतं का होईना, लागतंय!

हे सगळं आपल्यामागे कुणाकडे जाणार? आपल्याला वाटतं, जिनं आपलं केलं तिच्याकडे. कायद्याला कुणी केलं ते दिसत नाही. त्याला नातं दिसतं, आणि तेही सासरचं आधी.

हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. बौद्ध, जैन, शीख स्त्रियांनाही तोच लागू आहे. त्याचं कलम १५ सांगतं की मृत्युपत्र न करता बाई गेली तर पहिला हक्क मुलं आणि नवरा यांचा. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांचा. त्यानंतर कुठे तिच्या आईवडिलांचा. आईवडिलांकडून वारशानं आलेलं तेवढं, मूलबाळ नसेल तर, माहेरी परत जातं. पण स्वतः कमावलेलं? ते सासरी. पुरुषाच्या वारसांची यादी वाचा, तिच्यात बायकोच्या माहेरचं एकही माणूस नाही.

याचा अर्थ काय होतो ते २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात दिसतं. १९५५ साली लग्न झालेली मुलगी. तीन महिन्यांत नवरा वारला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. आईवडिलांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, जन्मभर कमावलं. १९९६ साली वारली, मृत्युपत्र नव्हतं. बँकेतले पैसे, भविष्यनिर्वाह निधी, सगळ्यावर आईनं हक्क सांगितला, नणंदेच्या मुलांनीही सांगितला. मिळालं नणंदेच्या मुलांना. सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. एक चिठोरा लिहिलेला असता तर?

इथे बसलेल्या परित्यक्ता बहिणींना मला वेगळं सांगायचंय. नवऱ्यानं टाकून वीस वर्षं झाली असोत, त्यानं दुसरं घर केलेलं असो, कोर्टातून घटस्फोट झालेला नसेल तर कायद्यानं तो नवराच आणि तोच वारस. आमच्या केंद्रात येणारी एक बाई दवाखान्यात आयाचं काम करायची. कॅन्सरच्या दुखण्यात धाकट्या बहिणीनं तिचं हगणं-मुतणं काढलं. ती गेली आणि तेराव्याच्या आत नवरा कागद घेऊन हजर! बँकेत बहीण नॉमिनी होती. नॉमिनीला पैसे हातात मिळतात, मालकी मिळत नाही. हे फार जणींना ठाऊक नसतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवा असं आवाहन केलं. मला विचाराल तर कलमच बदलायला हवं, आणि ती लढाई सोडायची नाही. पण मरण कायदा बदलायची वाट बघत नाही.

करायचं काय? साधा कोरा कागद चालतो, स्टॅम्पपेपर लागत नाही. काय आहे, कुणाला द्यायचं, स्पष्ट लिहा. 'माझे दागिने' असं मोघम नको, पाटल्या किती नि कुठे ते लिहा. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा, मग त्यांच्या सह्या. साक्षीदार तुमच्याहून तरुण असावेत आणि ज्यांना काही देताय त्यांतले नसावेत. मजकूर त्यांना वाचू द्यायची गरज नाही, हे मुद्दाम सांगते, कारण गुपित फुटायची भीती आपल्याला फार. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून ठेवली तर पुढे कुणी 'हिची सहीच नव्हे' म्हणायला कचरतो. मन बदललं तर नवं करा, शेवटचं तेच खरं. मुसलमान बहिणींना साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच असं देता येतं, त्यांनी माझ्याशी वेगळं बोलावं.

एक धोका मात्र ओळखा. "आई, मृत्युपत्रच आहे, कर सही" म्हणत पुढ्यात बक्षीसपत्र ठेवणारी मुलं आणि पुतणे असतात. मृत्युपत्र आपण मेल्यावर लागू होतं. बक्षीसपत्र नोंदलं की घर त्याच दिवशी दुसऱ्याचं, आणि आपण त्याच घरात पाहुण्या. वाचता येत नसेल तर आपल्या विश्वासाच्या बाईकडून वाचून घेतल्याशिवाय अंगठा लावायचा नाही.

जेवणानंतर मी इथेच आहे. कोरे कागद टेबलावर ठेवलेत. पासबुकं आणि घराचे कागद आणले असतील तर काढून ठेवा. साक्षीला आपण एकमेकींना आहोतच.