पहिल्या वर्षाचा खाडा
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी चार गोड शब्द बोलावेत अशी रीत आहे. पण आम्ही आज एक टोचणारी गोष्ट बोलणार आहोत. राग मानू नये.

दरवर्षी निकाल लागले की याच विहारात आपण दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार करतो. फूल, वही, पेन आणि बाबासाहेबांचे चरित्र देतो. आईबापांचा ऊर भरून येतो. असाच एका मुलाचा सत्कार आपण केला. इंजिनिअरिंगला त्याचा नंबर लागला होता. त्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा तो पहिलाच. पुढच्या वर्षी सत्काराच्या खुर्च्या मांडताना तोच मुलगा पार्सलची बॅग पाठीला लावून गल्लीतून जाताना दिसला. हाक मारली. म्हणाला, "काका, कॉलेज सुटलं. दिवाळीनंतर गेलोच नाही."

दिवाळी होऊन सात-आठ महिने झाले होते, आणि आपल्यापैकी एकालाही पत्ता नव्हता. गिरणीत जोडीदार चार दिवस पाळीवर आला नाही तर आम्ही त्याच्या खोलीवर जाऊन विचारतो. त्याचा खाडा हजेरीबुकात लागतो. आपल्या मुलाचा खाडा कोणाच्याच वहीत लागला नाही. सत्काराला आपण सगळे होतो, खाड्याला कोणी नव्हते.

मग आम्ही त्याच्याजवळ बसलो. अशा आणखी मुला-मुलींना भेटलो. "डोकं चालत नव्हतं" असे लोक म्हणतात, ते खोटे आहे. डोके नसते तर नंबर लागला असता का?

पहिली अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले पोर इंग्रजी व्याख्यानात बसते. अर्धे कळते, अर्धे निसटते. विचारावे तर बाकीचे हसतील ही भीती. म्हणून ते मागच्या बाकावर जाते, आणि मागच्या बाकावरून दरवाजा जवळ असतो.

दुसरी, पहिल्या सत्राचा निकाल. दोन-तीन विषय राहतात. मुलगा घरी सांगतो, "विषय राहिले." बाप ऐकतो, "नापास झाला." बाबांनो, ए.टी.के.टी. म्हणजे नापास होऊन घरी बसणे नव्हे. ठरावीक विषयांपर्यंत पुढच्या वर्गात जाता येते, राहिलेले विषय पुन्हा देता येतात. किती विषय, हे त्या-त्या विद्यापीठाच्या नियमात असते. तो नियम वाचा. न वाचता पोराचे दप्तर गुंडाळू नका.

तिसरी, पैशाची. मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. हा आपला हक्क आहे, भीक नव्हे. पण पैसे उशिरा येतात आणि कॉलेजचा तगादा आधी सुरू होतो. आता केंद्र सरकारचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. घरात आजारपण असते, भाडे थकलेले असते. त्यात फीचेही पैसे जातात आणि मग मुलगा कॉलेजच्या ऑफिससमोरून जायला लाजतो. शिवाय दुसऱ्या वर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते. ते राहिले की गाडी तिथेच अडते.

चौथी अडचण बोलून दाखवायला मुले कचरतात. आडनाव विचारणे, "तुम्हाला काय, सवलत आहे" असे टोमणे मारणे, प्रॅक्टिकलला जोडीला न घेणे. हे एकट्याने सोसवत नाही. आणि मुलींचे तर आणखी वेगळे. घरी यायला उशीर झाला की शेजारीपाजारी बोलतात, पहिल्याच वर्षी स्थळे येऊ लागतात. मुलीचे कॉलेज सुटले तर "गळती" कोणी म्हणत नाही, "लग्न जमलं" म्हणतात. माता-भगिनींनो, याचा विचार करा.

आता बाबासाहेबांकडे बघू. त्यांचेही शिक्षण मध्येच तुटले होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना लंडन सोडावे लागले. पण ते गुपचूप निघून आले नाहीत. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेतली, मगच निघाले. इथे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसा साठवला, शाहू महाराजांची आणि मित्र नवल भथेनांची मदत घेतली आणि १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ ला एम.एस्सी. झाले, १९२३ ला डी.एस्सी. झाले. शिक्षण थांबले तरी त्यांनी परतीची वाट राखली होती.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगणे आहे की मुक्याने गळू नका. फारच नड आली तर आधी आमच्याकडे या. कॉलेजात लेखी अर्ज द्या, गुणपत्रिका सांभाळा, पुढे कसे येता येईल ते विचारून घ्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष पुरे करून प्रमाणपत्र घेण्याची आणि पुढे परत येण्याची सोय आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. पण ही आडवाट झाली. आधी आहे तिथेच पाय रोवा.

आणि आपण मोठ्यांनी काय करायचे? आम्ही तीन गोष्टी मांडतो. एक, विहारात एक वही ठेवू. पहिल्या वर्षाला गेलेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव तीत लिहू. रविवारच्या वंदनेनंतर प्रत्येकाची खबर घेऊ, दिवाळीनंतर तर जास्तच. दोन, दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही आणि पाहुणे असताना अभ्यास होत नाही. विहार रात्री अकरापर्यंत उघडा ठेवू. आपली पदवी झालेली मुले आठवड्यातून दोन दिवस बसतील, इंग्रजी आणि गणित समजावतील. तीन, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि दाखले यांसाठी दोन कार्यकर्ते ठरवू. कॉलेजात तक्रार न्यायची झाली तर मुलाला एकट्याला पाठवणार नाही, आम्ही सोबत जाऊ.

सत्काराची फुले दुसऱ्या दिवशी सुकतात. एखाद्या वर्षी फुले कमी आणली तरी चालेल, पण त्या वहीत खाडा दिसला की त्याच संध्याकाळी कोणीतरी त्या घराचे दार वाजवले पाहिजे.

त्या मुलाने यंदा राहिलेल्या विषयांचे फॉर्म भरले आहेत. आज तो इथे मागे उभा आहे. त्याचे नाव आम्ही घेणार नाही. पण वहीत त्याचे नाव पहिले लिहिले आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!